कोच हॅगुडला मी टेकडीवर नेलं

मी एक जुनी घसरगाडी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मला कुणाची कीव नकोय. गंज चढलाय, एक गादी फाटलीय, सगळं कबूल. पण टॉलिव्हर गावातल्या टेकडीच्या रस्त्यावर तो लांबलचक ओरखडा दिसतो ना, तो माझा आहे. नगरपालिकेने त्यावर डांबर ओतून पाहिलं. उन्हाळा तापला की तो पुन्हा डोकं वर काढतो.

माझा जन्म इथलाच, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या एका लोहारखान्यात झाला. मला चाकं नाहीत. खाली दोन लोखंडी पट्ट्या, समोर जाड गाद्या बांधलेले पाच खांब आणि त्यांच्या मागे एक फळी. आमच्याकडचा फुटबॉल पायांपेक्षा खांद्यांनीच जास्त खेळतात. इथल्या विद्यापीठाची दांडगी पोरं धावत येऊन माझ्या गाद्यांना खांदे लावायची आणि मला मैदानभर रेटत न्यायची. फळीवर कोच उभा राहायचा. त्याचं वजन असलं की मी जमिनीला धरून राहते, नाहीतर उधळते.

एक गंमत सांगते. फळीवरच्या माणसाचं तोंड ढकलणाऱ्यांकडे असतं. म्हणजे गाडी पुढे जाते आणि हा पाठमोरा. आपण कुठे चाललोय ते त्याला दिसतच नाही! दिसतात ते फक्त घामेजलेले चेहरे.

मी पुष्कळ कोच पाहिले. पहिला जुन्या ट्रकमधून यायचा, उरलेल्या वेळात वर्गात इतिहास शिकवायचा आणि दुपारी पोरांच्याच रांगेत ताट घेऊन उभा राहायचा. पुढे पुढे कोच विमानाने यायला लागले. वर उभा राहणारा माणूस वजनाने तेवढाच होता हो, किंमत मात्र अशी वाढत गेली की ऐकून माझेच सांधे कुरकुरायचे. ढकलणाऱ्या पोरांना तेव्हा काय मिळायचं? जेवण, फी माफ आणि सुजलेले खांदे.

मग आला कोच बायरन हॅगुड. माणूस वाईट नव्हता. घसा फाटेपर्यंत ओरडायचा, पण एखादं पोर चक्कर येऊन पडलं की सगळ्यांच्या आधी तोच गुडघ्यावर बसायचा. दुसऱ्याच वर्षी त्याने वेदरली कॉलेजला हरवलं. शेजारच्या वेदरलीला हरवणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळायचं नाही! मोठमोठे देणगीदार लहान मुलांसारखे रडले. त्याच आठवड्यात नवा करार झाला. वर्षाला सत्तर लाख डॉलर आणि मुदत लांबलचक. शिवाय एक कलम असं, की मुदतीआधी घरी बसवलं तर उरलेले पैसेही द्यायचे. ते कलम कुणी नीट वाचलंच नाही. सगळे विजयाच्या मेजवानीत डुकराच्या भाजलेल्या बरगड्या चोखत बसले होते.

आणि मग हरायला सुरुवात झाली. रेडिओवर लोक फोन करकरून ओरडायला लागले, "हाकला त्याला! आजच्या आज हाकला!" त्याच्या अंगणात कुणीतरी 'घर विकणे आहे' अशा पाट्या रोवल्या. नोव्हेंबरात वेदरलीकडून सपाटून मार खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी कोचला खरंच घरी बसवलं. तीन कोटी डॉलर, दरमहा हप्त्याने. काम काही नाही. अट एकच, विद्यापीठाविरुद्ध अवाक्षर काढायचं नाही. काढलं की हप्ते बंद.

नवा कोच आला तो आणखी महाग. त्याच्या करारात सगळं सामान नवं हवं होतं. मला उचलून कुंपणाशी फेकलं, मुलींचं मैदान होतं तिथे. इतकी वर्षं राबले, पण जाताना पाठीवर हात ठेवायलासुद्धा कुणी आलं नाही. रडले का? मुळीच नाही. चिडले!

तिथे मला केझाया पेटवे भेटली. साखळीला बांधलेला लोखंडी गोळा गरागरा फिरवून भिरकावणारी, रुंद खांद्यांची मुलगी. या फेकीवर तिला शिष्यवृत्ती होती आणि ती गुरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. तिची आई कोंबड्यांच्या कारखान्यात उभ्याने काम करायची. केझाया मला बघून म्हणाली, "अगं बाई, हिला कुणी टाकलं इथे?" आणि दुसऱ्या दिवशी तेलाचा डबा घेऊन आली. मग त्या मुली रोज मला ढकलायला लागल्या, पायात ताकद यावी म्हणून. फळीवर आळीपाळीने एकेक उभी राहायची. कुणी कायमची वर नाही की कुणी कायमची खाली नाही.

मार्चमध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष व्हिटफिल्ड स्वतः मैदानावर आले. मुलींचा धावण्या-फेकण्याचा संघ या उन्हाळ्यापासून बंद, शिष्यवृत्त्याही तिथपर्यंतच, असं त्यांनी सांगितलं.

"हे सांगताना माझं काळीज तुटतंय, मुलींनो. पण पैशांची ओढाताण आहे."

"सर, कोचना घरी बसवायला पैसे आहेत," केझाया म्हणाली, "आणि आम्हाला मैदानावर ठेवायला नाहीत?"

"ते पैसे वेगळ्या डब्यातले आहेत, बाळा."

"मग तो डबा कुठे असतो ते तरी सांगा. आम्हीच झाकण उघडून बघतो!"

अध्यक्ष हसल्यासारखं करून निघून गेले. केझाया माझ्या फळीवर बसून राहिली. शिष्यवृत्ती गेली की तिचं शिक्षण संपलं, मग आईशेजारी कोंबड्या सोलायला उभं राहायचं. तिची मैत्रीण मार्लिस म्हणाली, "रड की जरा, मोकळी हो." केझाया म्हणाली, "रडते कसली! हिलाच त्यांच्या दारात नेऊन ठेवते."

"आणि वर कोण उभं राहणार?"

"कुणी नाही. रिकामीच नेऊ. बघू देत त्यांना, वरचा गेला तरी ढकलणारे इथेच आहेत."

एप्रिलमध्ये फुटबॉलचा वसंतातला सराव-सामना असतो. नवा कोच बघायला अख्खं गाव रस्त्याकडेला मांस भाजायच्या शेगड्या मांडून बसलं होतं. त्या गर्दीतून मुलींनी मला बाहेर काढलं. गवतावर मी गुमान सरकते हो, पण डांबरावर? असा काही कर्कश आवाज काढला मी, की लोकांच्या हातातले चिमटे हवेतच राहिले. आयुष्यभर गप्प होते, त्या दिवशी सगळं ओरडून घेतलं.

"भंगार कुठे चाललं गं, पोरींनो?" चिमटा हातात धरलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"अध्यक्षांकडे, काका! त्यांच्या डब्यात मावतं का बघायला!" मार्लिस ओरडली. माणसं हसली आणि शेगड्या सोडून मागोमाग यायला लागली.

टेकडी लागली आणि घोटाळा झाला. रिकामी मी, वर चढ! मुलींनी खांदा लावला की माझं तोंड वर उचललं जायचं. एकदा तर मी साफ उलटले. मार्लिसचं कोपर सोलवटलं. अध्यक्षांचा बंगला अजून लांब, आणि मागची गर्दी चुकचुकायला लागली.

तिथेच कोच हॅगुडचं घर होतं. तो घरच्या सपाता घालून झाडांना पाणी घालत होता. थोडा वेळ त्याने कळ काढली. मग त्याच्याच्याने राहवेना.

"कंबर! कंबर खाली घ्या! पाठीने काय रेटताय, पायाने रेटा!" पाण्याची नळी टाकून तो तरातरा रस्त्यावर आला. "रिकामी गाडी कधी बसते का जमिनीला? सरका!" आणि चढला की फळीवर! सवय, दुसरं काय.

"बायरन! अहो, निदान सपाता तरी काढा!" त्याची बायको जोलीन ओसरीवरून ओरडली. पण त्याचं लक्ष कुठे होतं!

"चला! पाय हलवा, पाय! तू गं मधली, मान वर! शाब्बास गं माझ्या वाघिणी!"

किती दिवसांनी तो ओरडत होता. आणि मुलींनी असा काही जोर लावला, की मी ती टेकडी चढले. तो पाठमोरा, मुलींचे लाल झालेले चेहरे बघतोय, आणि रस्ता मागे पडतोय. मी एकदम थांबले तेव्हा त्याने मान वळवली. समोर अध्यक्षांचं फाटक. आत हिरवळीवर देणगीदार थंड चहा पीत उभे होते.

कोचने पायातल्या सपातांकडे बघितलं.

अध्यक्ष फाटकापाशी आले. खालच्या आवाजात म्हणाले, "बायरन, खाली उतर. करार आठवतोय ना?"

त्याचा एक पाय उतरायला फळीच्या कडेला सरकला, ते मला कळलं. तीन कोटी म्हणजे काय चेष्टा आहे? त्याने केझायाकडे बघितलं. ती धापा टाकत होती आणि तिने खांदा गादीवरून काढला नव्हता. मग तो पाय परत फळीच्या मधोमध आला.

"मी विद्यापीठाविरुद्ध एक शब्द बोललो का?" तो म्हणाला. "नाही ना? मी काहीच करत नाहीये, सर. नुसता उभा आहे. त्याचेच तर तुम्ही मला पैसे देता."

मागची गर्दी जी काही हसली! बायका टाळ्या वाजवायला लागल्या. तो चिमटेवाला म्हातारा पुढे येऊन ओरडला, "मग या पोरींना का देत नाही? त्या तर काम करतायत!" कुणीतरी फोटो काढला. सपाता घातलेला कोच, गाद्यांना खांदा लावलेल्या मुली आणि मधे मी. सोमवारी तो देशभरच्या वर्तमानपत्रांत आला. बुधवारी अध्यक्षांना कुठलासा तिसराच डबा सापडला! आत्ता शिकताहेत त्या सगळ्या मुलींचं शिक्षण पुरं होईपर्यंत संघ चालू राहणार म्हणे. पुढचं पुढे. केझाया म्हणते, पुढच्यांना टेकडीचा रस्ता दाखवून ठेवते.

कोचचे हप्ते बंद झाले नाहीत. उभं राहण्याबद्दल करारात एक ओळही नव्हती. तो आता अधूनमधून कुंपणापाशी येतो आणि माझ्या पट्ट्यांना तेल घालून जातो.

मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या कोपऱ्यात माझ्यासारखं कुणीतरी पडलेलं असेल. त्याला भंगार म्हणू नका. थोडं तेल द्या, फाटलेली गादी शिवा. आणि कुणाला डोक्यावर चढवलंत, तर त्याला ढकलणाऱ्यांच्या तोंडाकडे एकदा नीट बघा.

परवाच नवा कोच इकडे आला होता. हल्ली तोही हरतोय, रेडिओवर त्याचंही नाव निघतंय. बोलता बोलता त्याने सहज एक पाय माझ्या फळीवर टेकवला. केझाया गोळा खाली ठेवून पुढे आली.

"सर," ती म्हणाली, "हिच्यावर चढायचं तर आधी आम्हाला विचारायचं."

त्याने गुपचूप पाय खाली घेतला.