थाययुआनला गेलेला बांबू

थाययुआनच्या त्याच पत्त्यावरून तिसऱ्यांदा मागणी आली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा बुद्धपोट बांबूच! पेरापेराला फुगलेला, कुंडीत ठेवला की ढेरपोट्या म्हातारा मांडी घालून बसल्यासारखा दिसणारा, गरम मुलखातला बांबू. तिकडे दक्षिणेत, क्वांगतुंगमध्ये, तो कुंपणालासुद्धा लावतात. आमच्या चच्यांगच्या डोंगरात मात्र हिवाळाभर त्याला प्लॅस्टिकच्या घरात कोंडून ठेवावं लागतं, नाहीतर एका रात्रीच्या हिमाने पानं उकडल्यासारखी होतात. आणि उत्तरेतल्या थाययुआनला हिवाळ्यात पारा उणे पंधराच्या खाली जातो.

"कोण आहे हा गाढव?" मी विचारलं.

माझा नवरा योंगफू फोनसमोर उभा राहून रोपं विकत होता. हल्ली तो दिवसभर तेच करतो. चेहऱ्यावर दिवा, हातात रोप, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "गाढव नाही, बाई आहे. दुआन नावाची," तो म्हणाला.

"दोन मेले ना तिच्याकडे?"

"म्हणून तर तिसरा मागवतेय."

हे तो हसत म्हणाला. त्याच्या हातातलं रोप घेऊन त्याच्याच डोक्यात घालावं असं वाटलं मला.

पूर्वी गिऱ्हाईक आमच्या रोपवाटिकेत यायचं. मी आधी त्याला प्रश्न विचारायची. घर कुठे? भिंत कुठल्या बाजूला? वारा कुठून येतो? हिवाळ्यात बादलीतलं पाणी किती दिवस गोठलेलं राहतं? मग सांगायची, तुला हा चालेल, तो विसर. आता लोक फोटो बघतात आणि "हा गोड आहे" म्हणतात. लग्नाचा मुलगा बघतानासुद्धा याहून जास्त चौकशी करतात. आणि योंगफू सगळ्यांना एकच उत्तर लिहितो: कुठल्याही हवेत चालतो. हार्बिनच्या बर्फातल्या माणसालाही तेच, समुद्राकाठच्या माणसालाही तेच. मी रोज ओरडते. रोज. आणि रोज संध्याकाळी त्याच बांबूंच्या मुळांना ओलं शेवाळ गुंडाळून खोक्यात मीच भरते.

त्या दिवशी मी त्याच्या हातातून फोन ओढला आणि त्या दुआनबाईला लावला.

"बाई, तुम्हाला डोळे आहेत का?" मी सुरुवातच केली. "दोन बांबू मेले, तरी तोच मागवता? तुमच्या गावात तो जगणार नाही. सात जन्मात जगणार नाही."

मग ती म्हणाली, "पण ताई, मी विचारलं होतं. तुमच्याकडून उत्तर आलं की कुठल्याही हवेत चालतो. ते मी बाबांना वाचूनसुद्धा दाखवलं."

"कोण बाबा?"

"माझे सासरे. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही आता, काचबिंदू झालाय. ते तुमच्याच गावचे. मला म्हणाले, मागवायचा तर लायदीकडूनच मागव. इथल्या हवेला कुठला लागेल ते तिला विचार, ती सांगेल."

लायदी म्हणजे मी. या नावाचा अर्थ 'भाऊ येऊ दे'. माझ्या आईबापांना मुलगा हवा होता. भाऊ काही आला नाही, नाव तेवढं राहिलं. पंधराव्या वर्षी मला हाताखाली घ्यायला गावातला एक माळी तयार होईना, मुलगी म्हणून. घेतलं ते एकट्या याओ उस्तादांनी. बांबू कसा ओळखायचा, कसा खणायचा, कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही म्हणायचं, सगळं त्यांचं. सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा त्यांना उत्तरेत घेऊन गेला. तो स्वतः खाणीच्या कामावर सदा बाहेर. म्हाताऱ्याला सांभाळत होती ती ही सून.

"उस्ताद कसे आहेत?" मी विचारलं. माझा आवाज खाली आला होता.

"खिडकीपाशी बसून असतात. पानांचा आवाज येत नाही म्हणतात, झोप लागत नाही. दोन्ही बांबू मेल्यावर म्हणाले, लायदीने पाठवला होता, म्हणजे चूक माझीच. माझ्याच हातून पाणी कमीजास्त झालं. आता ते कुंडीला हातसुद्धा लावत नाहीत. बाल्कनीत कांद्याची पात होती, तीही सोडून दिली. म्हणतात, माझे हात गेले."

मी फोन ठेवला आणि योंगफूकडे बघितलं. तो दिवा बंद करून उभा होता. त्यानंतर मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या वाटिकेतले लोक काम थांबवून ऐकत होते.

बांबू मी स्वतः निवडला. थाययुआनला जगेल असा आमच्याकडे एकच होता, सोनपाचू. पिवळीधमक काठी आणि प्रत्येक पेरावर एक हिरवी पट्टी, जशी सोन्यात पाचूची चीप बसवली आहे. दिसायला नाजूक, पण बर्फाला दाद देत नाही. दोन वर्षांची, अंगठ्याएवढी जाड, खालपासून फांद्या असलेली काठी मी हेरून ठेवली. पण खणली नाही. आमच्याकडे बांबू हलवायचा तो आमच्या चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्यात, शुद्ध तेरसेला. त्या दिवशी बांबूला दारू चढते. झिंगलेल्या माणसाला उचलून दुसऱ्या खाटेवर टाकलं तर त्याला जसं कळत नाही, तसं त्या दिवशी बांबूला कळत नाही. हेही उस्तादांनीच शिकवलेलं. तीस वर्षांत त्या दिवशी हलवलेला माझा एकही बांबू मेला नव्हता. तेव्हा मी तीन आठवडे थांबले.

तेरसेला पहाटे पाऊस कोसळत होता. बांबूच्या जमिनीखालच्या आडव्या मुळाला आम्ही चाबूक म्हणतो. जुन्या बेटाकडून येणारा चाबूक दीड वीत ठेवला, पुढे वाढत जाणारा तीन विती, मातीचा गड्डा गवताच्या दोरीने बांधला आणि छोट्या ट्रकमध्ये चढवला. रेल्वेत एवढा बांबू कोण घेऊ देणार? ट्रक योंगफूच चालवणार होता.

पहिले तीन तास मी तोंड उघडलं नाही.

"बोल तरी," तो म्हणाला. "शिव्या दे. हे असं गप्प बसलीस की मला गाडी चालवता येत नाही."

"तुला माहीत होतं ना, तो तिकडे मरतो?"

"आणि तुला नव्हतं?"

"मी ओरडत होते!"

"ओरडत होतीस, खरं आहे. ओरडत ओरडत खोकी भरत होतीस."

मी त्याला गाडी थांबवायला लावली, उतरले, आणि भर पावसात रस्त्याच्या कडेला उभी राहिले. त्याच्या थोबाडीत मारावी इतका राग आला होता, कारण तो खोटं बोलत नव्हता. मग भिजलेलीच परत चढले. पुढच्या रस्त्यात आम्ही फक्त जेवायला कुठे थांबायचं एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाऊस मागे राहिला. पिवळी नदी ओलांडली तशी हवा कोरडी ठक्क झाली, ओठ फुटायला लागले. थाययुआनला पोचलो तेव्हा आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि गरम वारा धूळ उडवत होता. मागे जाऊन बघितलं तर सोनपाचूची पानं सुरळ्या होऊन मिटली होती.

उस्ताद तळमजल्यावर राहत होते. खिडकीबाहेर दोन खाटा मावतील एवढं अंगण. सुनेने दार उघडलं, चांगली गोल चेहऱ्याची बाई. आत सगळ्या घराला व्हिनेगरचा वास. तिकडे ते प्रत्येक घासावर ओततात. उस्ताद खुर्चीत होते, अर्धे झालेले. मी आवाज दिला तशी त्यांनी मान वळवली.

"लायदी? एवढ्या लांब कशाला आलीस, पोरी?"

"बांबू घेऊन आलेय, उस्ताद. सोनपाचू."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना धरून अंगणात नेलं. त्यांनी काठी चाचपली, पेराची पट्टी अंगठ्याने तपासली, आणि मान डोलावली. मग हात पानांवर गेला. मिटलेली पानं बोटात धरून ते थांबले आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजू लागले.

"कधी खणलास?"

"तेरसेला," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"गाढवे!"

सून आतून धावत आली. ते आमच्या गावच्या बोलीत ओरडत होते, तिला एक अक्षर कळत नव्हतं.

"तेरसेला खणून थाययुआनला आणलास? डोकं आहे की भोपळा? आपल्याकडे तेरस का चालते? त्या दिवसांत आलुबुखार पिकतात आणि महिनाभर पाऊस थांबत नाही, म्हणून! कुठेही खुपसला तरी भिजत राहतो, म्हणून जगतो! इथे कुठला पाऊस? इथे बर्फ वितळला की लावायचा, पानं जागी व्हायच्या आत!"

"पण तुम्हीच सांगितलं होतं, दारू चढते म्हणून."

"तू पंधरा वर्षांची होतीस! पावसाचं शास्त्र सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? म्हणून दारू सांगितली. आता पन्नाशी उलटली तुझी, अजून बांबूला दारू पाजतेयस?"

योंगफू पलीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मला त्याचाही राग आला.

उस्तादांनी करवत मागितली. खुर्ची अंगणात आणायला लावली. स्वतः चाचपून शेंड्याकडचा तिसरा भाग कापला, निम्म्याहून जास्त पानं खुडून टाकली. खड्डा घराच्या भिंतीला लागून दक्षिणेला घ्यायला लावला, कारण इथे बांबू थंडीपेक्षा कोरड्या वाऱ्याने मरतो. चाबूक पालथा लागलाय म्हणून योंगफूला दोनदा खणायला लावलं. वरून जुन्या चादरीची सावली केली. सून दारात उभी राहून बघत होती. एवढं बोलताना आणि एवढं खाताना तिने त्यांना सहा महिन्यांत बघितलं नव्हतं; मध्येच त्यांनी वाटीभर शेवयाही मागून संपवल्या होत्या.

संध्याकाळी सून आणि योंगफू आत गेले. मी त्यांच्या पायाशी बसले. सांगायला आले होते ते अजून राहिलंच होतं.

"उस्ताद, आधीचे दोन तुमच्या हातून मेले नाहीत. आम्ही पाठवलेली जातच चुकीची होती. बुद्धपोट होता तो."

"मला माहीत आहे."

"म्हणजे?"

"डोळे गेलेत, हात आहेत. पहिल्याच दिवशी बोटाला पोट लागलं. चाळीस वर्षं तेच हाताळलं मी."

"मग सुनेला का सांगितलंत, माझे हात गेले म्हणून? आत्ता तेरसेसाठी एवढं ओरडलात. तेव्हा फोन करून मला का नाही ओरडलात?"

"तेरस चुकली तुझी. चुकीला मी ओरडतो." बोटं गुडघ्यावर चाळवत होती. "ती चूक नव्हती, पोरी. कुठल्याही हवेत चालतो, असं सुनेने वाचून दाखवलं. मी फोन केला असता तर विचारावं लागलं असतं, हे तुला माहीत होतं का? आणि तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. त्यापेक्षा हात गेले म्हणणं मला सोपं होतं."

मला रडायला हवं होतं. रडू आलं नाही. इतका संताप झाला की कानात सणसण व्हायला लागलं, आणि या वेळी तो योंगफूवर ढकलता येईना.

"उस्ताद," मी म्हणाले, "मला माहीत होतं."

त्यांनी मान हलवली. माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. थोड्या वेळाने सुनेला हाक मारून आत घेऊन चल म्हणाले.

बांबू जगला की नाही ते पुढच्या वसंतात कळेल. सून रोज फोटो पाठवते. अजून काठी पिवळी आहे एवढंच म्हणता येईल. उस्ताद सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी घालतात आणि तिला जवळ येऊ देत नाहीत.

घरी पोचल्यावर सकाळी मी योंगफूचा फोन घेतला आणि बुद्धपोट उत्तरेत जिथे जिथे गेला त्या सगळ्यांचे नंबर एका कागदावर उतरवले. तो म्हणाला, "वेड लागलंय का तुला? आपल्याला कोण दारात उभं करेल?" मी यादीवरून नंबर लावायला घेतले. पहिला नंबर शनयांगचा होता. कुणी निवृत्त शिक्षिका.

"मी बांबूवाली लायदी बोलतेय," मी म्हणाले. "गेल्या हिवाळ्यात तुमचा बांबू मेला असेल. तो तुमच्या हातून मेला नाही. तो तिकडे जगणार नाही हे आम्हाला माहीत होतं, आणि तरी मी तो खोक्यात भरला."

मग जी सुरू झाली ती झालीच. नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवला होता म्हणाली, दोन महिने रात्री उठून त्याला गोधडी गुंडाळली म्हणाली, आणि मग माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझ्याशी असं बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. मी फोन कानाला लावून बसून राहिले आणि तिचं संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलले नाही.