मागचं दार

सोमवारी सकाळी नऊला कोरियातल्या छोंगजू शहरातल्या एका इस्पितळाची नाव नोंदवायची वेबसाइट बंद पडली. सेकंदाला हजारो खोट्या मागण्या येऊन आदळत होत्या. खाली रुग्णांची रांग दारापर्यंत गेली. नेटवर्क विभागाचे प्रमुख प्यो फोनवर संचालकांची बोलणी खात होते.

ओक हेरिम बारा वर्षं याच विभागात होती. गलक्याकडे पाठ करून ती लॉगिनच्या नोंदी वाचत बसली होती. दर दोन मिनिटांनी एक चुकलेलं लॉगिन दिसत होतं. नाव दर वेळी वेगळं, पासवर्ड मात्र तोच. एकाच नावावर पुन्हा पुन्हा प्रयत्न झाला असता तर खातं आपोआप बंद पडलं असतं. इथे तर कुणी एकच किल्ली घेऊन घरोघरी कुलपं चाचपत होतं. आणि साडेदहाला फिजिओथेरपीच्या एका बाईंचं कुलूप उघडलं.

"साहेब, ही गर्दी नुसती दाखवायला आहे. चोर मागच्या दाराने आत शिरलाय. रुग्णांच्या नोंदींच्या सर्व्हरची जोडणी आत्ताच्या आत्ता तोडा."

"ओकबाई, खाली लोक माझ्या नावाने खडे फोडतायत आणि तुम्ही चालू आहे तेही बंद करा म्हणता? आधी वेबसाइट!"

"नोंदी बाहेर चालल्यात, हे बघा तरी!"

"नंतर बघू."

तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर त्यांनी मान वर करायचीही तसदी घेतली नाही. हेरिमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, सर्व्हरच्या खोलीत गेली आणि तिने त्या सर्व्हरची केबल उपसली.

डॉक्टरांनी दोन तास आरडाओरडा केला. दुपारी तपासात निघालं, की चाळीस हजार रुग्णांच्या नोंदी बाहेर न्यायची तयारी झाली होती. गेल्या फक्त तीनशे बारा. प्योंनी अहवालात लिहिलं, 'विभागाने तत्परतेने पावलं उचलली.' आणि परवानगीवाचून केबल काढल्याबद्दल हेरिमला लेखी माफीनामा द्यायला सांगितलं.

तिने काय घडलं ते लिहून दिलं. कागद परत आला.

"यात खेद कुठाय?" प्यो म्हणाले. "खेदाचं एक वाक्य लागतंच. नियम आहे."

दुसराही कागद परत आला. तिसऱ्यांदा तिने दात-ओठ खात लिहिलं, 'त्या तीनशे बारा माणसांच्या नोंदी मला वाचवता आल्या नाहीत, याचा मला मनापासून खेद आहे.'

प्योंनी फक्त 'खेद' हा शब्द शोधला आणि शिक्का मारला.