बसलेले तास

"आज माल न्हाई. घरी जावा," सोमनाथ म्हणाला आणि त्यानं पाठ फिरवली.

सव्वाअकरा वाजले होते. साडेसातपासून आम्ही अकरा बायका सारोळ्याच्या भाजीच्या शेडबाहेर भिंतीला टेकून बसलो होतो. सकाळी सावली पुढं लांब होती, मग पायाशी आली, मग भिंतीनंच गिळली. वैशाखाचं ऊन नुसतं टाळू भाजत होतं. शेडमधलं काम तासावर. भेंडी निवडायची, खोक्यात भरायची. पण तास धरायचा तो वहीत नाव चढल्यापासून, आणि मालाची गाडी आल्याशिवाय सोमनाथ वही उघडत नाही. आंबवड्याच्या वरच्या वाडीतून पहाटे टेम्पोत घालून आणायचं आणि माल नाही म्हणून रिकामं धाडायचं, जाताना यष्टीनं जा म्हणायचं. या महिन्यातली ही चौथी खेप. रत्नानं तर आज कांदा काढणीचं बोलावणं मोडलं होतं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तसली गत.

तरी आधीच्या तिन्ही खेपांना कुणी तोंड उघडलं नव्हतं. सोमनाथ आमच्या वाडीचा जावई. सोनबाची माधुरी त्याला दिलेली. जावयाला वेडंवाकडं बोलायचं नाही, आणि बोललंच तर त्याची भरपाई घरात पोरीला करावी लागते. शेडच्या साहेबानं मुकादम म्हणून माणूस बरा हेरला होता. दाराशी कुत्रं ठेवलं असतं तर निदान हाड तरी म्हणता आलं असतं.

अक्काबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. साठी उलटलेली बाई. जावयासमोर घेतात तसा पदर डोईवर नीट घेतला.

"जावईबापू, तुमी वेल्ह्याकडचं. तुमच्यात भाताच्या आवणीला बाया बोलावल्या, बाया बांधावर आल्या, आन खाचरात पाणीच न्हाई. मग काय करत्यात?"

सोमनाथनं फाटकाच्या कडीला हात घातला. त्याला ठाऊक होतं. आमच्या भाताच्या मुलखात बोलावलेल्या बाईचा पाय बांधाला लागला की तिचा रोज लागला. पाणी नसेल तर ते मालकाचं नशीब.

"ठावं नसंल तर आईला फोन लावून इचारा. आमी थांबतो. थांबायची सवय लावलीया तुमी."

"मामी, कंपनीत तसं नसतं. बसल्याचं कुनी देतं का?"

"आमी बसलो न्हाई," रत्ना म्हणाली. "तुमी बसवलं."

त्यानं फाटक ओढून घेतलं. आम्ही फुफाटा तुडवत हमरस्त्याला आलो. यष्टीची वाट बघत अर्धा तास झाला नसेल, तर हाच मोटारसायकलवर हजर. गाडी आली म्हणे, चला लवकर. तोंडावर लाजेचा कण नाही.

आम्ही परत गेलो, पण आत कुणीच गेलं नाही. अक्काबाई फाटकात बसली आणि आधी साडेसातपासून लिहा म्हणाली. पलीकडं ताडपत्रीखाली भेंडी उकडत होती, आणि भेंडी कुणाची वाट बघत नाही. सोमनाथ साहेबाकडं गेला, आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा घामानं निथळत होता.

"मामी, माझी नोकरी जाईल."

"मग बसा आमच्या शेजारी. भिंत लांब हाय."

शेवटी एकच्या सुमाराला साहेब स्वतः खाली आला. ताडपत्रीखाली हात घालून बघितलं, आमच्याकडं बघितलं नाही, आणि वहीत सही केली. साडेसात. रत्नानं त्या पानाचा मोबाईलमध्ये फोटो काढला. मग आम्ही कामाला लागलो. मी भेंडीची देठं अशी मोडत होते, जशी कुणाची तरी मान हातात आहे.

संध्याकाळी टेम्पोत बसलो, तर सोमनाथ आला. चाकाकडं बघत म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, उद्यापासून अक्काबाईंना आणू नका, बाकीच्यांनी या.

तेवढ्यात हमरस्त्यावरून भेंडीची दुसरी गाडी शेडकडं वळली. रत्ना टेम्पोतून उतरली आणि फाटकात जाऊन बसली. तिच्यामागं फुलाबाई, मग मी, मग सगळ्याच. अक्काबाईला आम्ही हात धरून उतरवलं.

"आता काय हो?" सोमनाथ रडकुंडीला आला.

"वही काढा," रत्ना म्हणाली. "लिवा, सव्वासहा."