सगळी तेलं सारखीच

उस्तादांसमोर तेलाचा विषय काढायचा नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. विषय निघाला रे निघाला, की म्हातारा हातातला पाना खाली ठेवून गॅरेजच्या भिंतीवरल्या फळीकडे बोट दाखवायचा. फळीवर डबे ओळीने मांडलेले. झीरो-ट्वेंटी, फाइव्ह-थर्टी, टेन-फॉर्टी, ट्वेंटी-फिफ्टी. त्यात पेट्रोलचं वेगळं, डिझेलचं वेगळं, अर्धं सिंथेटिक, पूर्ण सिंथेटिक, आणि प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या मानकाची दोन-चार अक्षरं.

"आमच्या वेळी दोनच तेलं. थंडीतलं आणि उन्हाळ्यातलं. तेव्हा गाड्या काय ढकलत नेत होतो आम्ही?" उस्ताद म्हणायचे. "अरे, हे सगळं एकच तेल आहे. डबे रंगवणाऱ्यांची पोटं भरायला एवढे ग्रेड काढलेत."

गिऱ्हाईक हसायचं. उस्तादांच्या सुनेला मात्र हल्ली हसू येत नसे.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा गाडीचं बोनेट कुठून उघडतं हेही तिला माहीत नव्हतं. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. घरी आला की झोपलेला आणि जागा झाला की निघालेला. सासऱ्यांचा जेवणाचा डबा घेऊन ती गॅरेजात यायची आणि डबा रिकामा होईपर्यंत थांबायची. उस्तादांनी तिला बसवून काही शिकवलं, असं कधी झालं नाही. "हे धर जरा," "ते दे इकडे," म्हणत म्हणत त्यांनी निम्मं इंजिन तिच्या हाती दिलं. खुशीत असले की ती 'पोरी' असायची आणि पारा चढला की 'सूनबाई'. गेले काही महिने ती नुसती सूनबाई होती.

कारण गाड्या परत यायला लागल्या होत्या. डबा वाचायची उस्तादांना सवयच नव्हती. चिमटीत थेंब घ्यायचा, चोळायचा आणि तेलाचं नाव सांगायचं, अशी त्यांची पद्धत. जन्मभर त्यात चूक झाली नव्हती, आणि आता होत होती. एका नव्या गाडीत त्यांनी जाड तेल ओतलं, एका जुन्या खटाऱ्यात पाण्यासारखं पातळ. नवऱ्याने फोनवर बजावलं होतं, "आता आणखी एक गाडी परत आली ना, की बाबांना घरी बसव. वय झालंय त्यांचं."

घरी बसव! ट्रकच्या उंच सीटवर बसून हे बोलायला काय जातं? घरी म्हणजे खिडकीजवळची वेताची खुर्ची. सर्दी-तापाने दोन दिवस त्या खुर्चीत बसले तरी उस्तादांचा चेहरा विझायचा. तिने ते पाहिलं होतं. म्हणून ती डोळ्यांत तेल घालून गाड्यांवर नजर ठेवायची, डबे स्वतः काढून द्यायची. तरी व्हायचं ते झालंच.

दवाखान्यातली नर्स दुपारी गाडी घेऊन आली. चारच दिवसांपूर्वी तेल बदलून नेलं होतं.

"सकाळी सुरू करताना खडखडते हो. आणि पूर्वीसारखी ओढतही नाही," ती म्हणाली. "माझी ड्यूटी आहे, संध्याकाळी नेते." चावी देऊन ती चालतच निघून गेली.

सून खाली वाकली. नर्सच्या गाडीसाठी तिने काढून ठेवलेला झीरो-ट्वेंटीचा डबा बाकाखाली सीलबंद होता. म्हणजे गाडीत दुसरंच काहीतरी गेलं होतं.

"मी बघून घातलंय," उस्ताद पलीकडून म्हणाले. त्यांना कोणी काही विचारलंही नव्हतं. "अगदी बरोबर घातलंय. काढ खाली, दाखवतो तुला."

तिने गाडी जॅकवर घेतली, खाली टब सरकवला आणि ड्रेन बोल्ट सैल केला. गाडी नुकतीच चालून आलेली, तेल कढत. हातमोज्याच्या वर मनगटावर एक ओघळ आला आणि तिने हात झटकून मागे घेतला. डोळ्यांत पाणीच आलं. टबात तेल पडत होतं, त्याला बारीक वाफ होती.

उस्ताद गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. दोन बोटं टबात बुडवली, चिमूट केली आणि सावकाश, अगदी सावकाश चोळली.

"झीरो-ट्वेंटीच आहे. म्हटलं नव्हतं?" त्यांनी बोटं पुन्हा बुडवली. "बघ. उगाच माझ्या नावाने ओरड."

ती तेलाकडे बघत नव्हती. तिचं मनगट अजून चुरचुरत होतं आणि त्याच तेलात सासऱ्यांची बोटं होती. त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

"बाबा, भाजतंय."

"कुणाला?"

इतक्या वर्षांत पाया पडण्यापलीकडे तिने सासऱ्यांना कधी हात लावला नव्हता. आज तिने सरळ त्यांचं मनगट धरलं, त्यांना उठवलं आणि नळाखाली नेलं. गार पाण्याने तेल ओघळलं तशी बोटांची टोकं लालभडक दिसली. एका बोटावर जुन्या भाजल्याचा डागही होता. तो तिने आजवर पाहिला नव्हता, आणि याचीच तिला लाज वाटली.

पाणी वाहत राहिलं. उस्तादांनी हात सोडवून घेतला नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"गेल्या थंडीपासून." मग म्हणाले, "मला सगळी तेलं सारखीच लागायला लागली गं. आधी वाटलं, कंपन्याच फसवतायत. अगदी खरं वाटलं मला. मग एक दिवस चहाचा पेला तापलाय का गार, तेही कळेना. तेव्हा समजलं. पण तोवर ग्रेडच्या नावाने इतका आरडाओरडा करून झाला होता, माघार कुठून घ्यायची?"

परत आलेल्या गाड्यांवरून दोघांची झालेली भांडणं तिला आठवली. त्यांना ती हट्टी म्हणाली होती, मनात तर त्याहून वाईट बरंच काही. आणि हा माणूस आपल्या परीने खरं तेच सांगत होता.

"उद्या दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "आणि नवं तेल आता मी घालणार. डबा वाचून. त्यात तुमचं ऐकणार नाही."

"ऐकू नकोस." उस्तादांनी ओल्या हाताने गळ्यातला एप्रन काढायला घेतला. गाठ सापडेना. "त्याला फोन कर. सांग, बाबा उद्यापासून येत नाहीत. गाठ सोड जरा."

ती त्यांच्या मागे गेली. गाठ हाताला आली आणि तशीच हातात राहिली. तुमच्यावाचून अडेल असं खोटंच बोलून थांबवलं तर यांना कळेल, आणि ते अधिक लागेल. तिने गाठ सोडली नाही. टबाशी जाऊन बसली. तेल आता निवत आलं होतं. हातमोजा काढून तिने दोन बोटं बुडवली. डबे वाचण्यात ती तरबेज होती, पण जळलेल्या तेलाला लेबल नसतं. ते चोळून इंजिनाचं पोट ओळखणं तिला कधीच जमलं नव्हतं, आणि जमत नाही हे तिने कधी कबूलही केलं नव्हतं.

"बाबा, यात काहीतरी आहे. मला कळत नाहीये."

"काय आहे?"

"बारीक खरखर. नाही, खरखर नाही. पीठ हाताला लागावं तसं."

उस्ताद जागचे हलले नाहीत. "नखाने दाब. फुटतं का?"

"फुटतं. काळं होऊन पसरतं."

"मग काजळी आहे, लोखंड नाही. इंजिन ठीक आहे तिचं." ते दोन पावलं पुढे आले. "बोटं लांब कर. तार येते?"

"येते. लगेच तुटते."

"किती लगेच? नीट बघ, पोरी."

तिने पुन्हा चिमूट चोळली आणि बोटं हळूच लांब केली. जे लागत होतं ते जमेल तसं सांगत गेली. शब्द सापडला नाही तिथे थांबली, दुसरा घेतला. सांगता सांगता वर पाहिलं. उस्ताद डोळे मिटून उभे होते, एप्रन अर्धवट खांद्यावर, आणि त्यांची लाल झालेली दोन बोटं हवेतच एकमेकांवर हळूहळू फिरत होती.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "अजून सांग."