हुकावर नसलेला बिल्ला

मी बिल्ला बोलतोय. पितळेचा, नाण्याएवढा, काठाला भोक असलेला. आता वाकलोय, काळाठिक्कर पडलोय, पण अंगावरचा आकडा अजून वाचता येतो.

कापड रंगवायच्या एका कारखान्यात ठशाखाली माझा जन्म झाला. फाटकापाशी एक मोठा फळा होता, त्यावर हुकांच्या ओळी आणि प्रत्येक हुकावर आमच्यापैकी एकेक. मी ज्याच्या वाट्याला आलो तो बॉयलरवरचा माणूस ताडमाड उंच होता, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. आत जाताना मला गळ्यात घालायचं, बाहेर पडताना हुकावर टांगायचं. हूक रिकामा म्हणजे माणूस कामावर. तोंडाकडे बघायची तसदी पहारेकऱ्याने कधी घेतली नाही.

कामगारही काही कमी नव्हते. कुणाला घरी अडचण आली, की सुट्टीवरचा दोस्त त्याचा बिल्ला घालून आत जायचा. ‘गळा देणं’ म्हणायचे त्याला. ‘उद्या माझ्यासाठी गळा दे’ एवढं म्हटलं की झालं. आज तू, उद्या मी. साहेबलोकांना याचा पत्ताही नव्हता.

लंबूचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे गप्प्या. बोलायला जणू पैसे पडतात असा माणूस. एका सकाळी लंबूची आई चक्कर येऊन पडली. तिला दवाखान्यात न्यायचं होतं आणि लंबूची तर पाळी. गप्प्याची सुट्टी होती. त्याने काही न विचारता फाटक गाठलं, हुकावरून मला काढलं आणि गळ्यात घातलं.

त्याच दुपारी बॉयलर फुटला.

त्याआधी गप्प्याला काहीतरी कळलं असावं. तो ओरडला, “पळा!” मी त्याच्या छातीवर होतो, मला ती हाक हाडांतून ऐकू आली. जे वाचले ते आजही म्हणतात, कुणीतरी ओरडलं म्हणून वाचलो. कोण ओरडलं, कुणाला माहीत नाही. जे गेले त्यांतल्या काहींची ओळखही उरली नाही.

मग सरकारने कामगारांसाठी मदत केंद्र उघडलं. खोटं कशाला बोलू, चांगलं उघडलं. औषधपाणी होतं, महिन्याची मदत होती, दुसरीकडे काम लावून द्यायचीही सोय होती. पण सगळा हिशोब त्या फळ्यावरून. फाटक लांब असल्याने तो फळा मात्र धडधाकट राहिला होता. लंबूचा हूक रिकामा, म्हणून लंबू ‘आतून वाचलेला’. त्याच्या आईचं औषधपाणी लगेच सुरू झालं. गप्प्याचा बिल्ला हुकावर जागच्या जागी, म्हणून गप्प्या सुट्टीवर. ढिगाऱ्यात मी सापडलो तेव्हा लोकांनी मला लंबूच्या हातात दिलं. “नशीबवान आहेस,” म्हणाले. त्याने मान खाली घातली आणि मला खिशात टाकलं.

गप्प्याची बायको रोज केंद्राच्या खिडकीवर यायची.

“सुट्टीवरच्यांनाही मदत आहे,” खिडकीवरच्या बाई समजुतीने सांगायच्या, “पण त्यांनी स्वतः यायला हवं.”

“ते नाहीत हो बाई. तेच तर सांगतेय.”

“मग आले की पाठवा.”

नवरा कुणाच्या बिल्ल्यावर आत गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण लंबूचं नाव तिने घेतलं नाही. भाऊजी आपणहून सांगतील म्हणून थांबली होती बिचारी. आणि लंबू त्याच रांगेत, तिच्या मागे, बुटांकडे बघत उभा असायचा. एक दिवस त्याला ते सोसवेना. तो पुढे आला आणि त्याने मला खिडकीत ठेवलं.

“हा माझा बिल्ला. पण आत मी नव्हतो. तो होता. माझ्यासाठी गेला होता.”

बाईंनी साहेबांना बोलावलं. साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. “खरं असेलही तुमचं,” ते म्हणाले. “पण मग चौकशी लागेल. तोवर तुमची मदत बंद, आईंचं औषधपाणी बंद. आणि दुसऱ्याच्या बिल्ल्यावर आत गेलेला माणूस कामगार धरतील की नाही, ते माझ्या हातात नाही. लिहून घेऊ?”

लंबूचे ओठ हलले. तेवढ्यात गप्प्याच्या बायकोचा हात माझ्यावर पडला.

“नका लिहू, साहेब. भाऊजींचं डोकं ठिकाणावर नाही. आमचे हे सुट्टीवरच होते. गेलेत कुठेतरी. येतील.”

बाहेर आल्यावर लंबू पायरीवर बसून ढसाढसा रडला. “वहिनी, हे काय केलंत तुम्ही?”

“तुमच्या आईसाठीच गेले होते ना ते?” ती म्हणाली. “मग ती तरी राहू दे.”

आता मी तिच्या घरी तांदळाच्या डब्यात असतो. नवऱ्याचं म्हणून एवढंच तिच्याजवळ उरलंय, आणि तेही दुसऱ्याच्या आकड्याचं. रोज तांदूळ काढताना तिची बोटं मला चाचपतात. डबा हलका होत चाललाय. शेजारपाजारी म्हणतात, बायकोपोरीला वाऱ्यावर सोडून पळाला. ती ऐकून घेते.

मला जीभ नाही, नाहीतर गल्लीभर ओरडलो असतो. तुमच्यापाशी माझं मागणं मोठं नाही. कधी त्या दारावरून गेलात तर पाणी मागा, ऊनपावसाचं बोला, हवं ते बोला. फक्त घरधनी कुठे असतात, असं विचारू नका. पोरगी दारातच बसलेली असते, आणि तिच्यादेखत आईला पुन्हा सांगावं लागतं, की ते येणार आहेत.