वाफशाआधीची नांगरट

पुराचं पाणी उतरून दोन दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा ट्रॅक्टर आणि ड्रायव्हर घेऊन बारकीच्या शेतावर हजर झाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. न बोलावता धावून येणारा भाऊ म्हणजे केवढं भाग्य, असं शेजारच्या काकूंनी कुंपणावरून लगेच जाहीर केलं, आणि काकूंनी जाहीर केलं की रस्त्यानं जाणारे चार लोक थांबणारच.

बारकी म्हणजे दादाची धाकटी बहीण. चाळिशीला आली तरी तिला तेच नाव चिकटलेलं. आईनं जाताना नदीकाठच्या जमिनीचे दोन सारखे पट्टे केले, एक लेकाला, एक लेकीला. फक्त लेकीच्या कागदात एक ओळ जास्त घातली: एक हंगाम जरी पीक निघालं नाही, तर पट्टा भावाचा. माया होती, भरवसा नव्हता. अशाही आया असतात. बारकीनं सहा वर्षांत एक हंगाम चुकू दिला नव्हता.

जमीन म्हणजे निव्वळ पोयटा. नदीनं पुरामागून पूर आणून टाकलेला गाळ, चिमटीत धरला तर पिठासारखा मऊ, वाळूसारखा खरखरीत नाही की चिकणमातीसारखा चिकट नाही. पाणी धरून ठेवते, फारसं खत न मागता पिकते. पण तिचा एक हट्ट आहे. ओली असताना तिच्यावर पाय द्यायचा नाही, वाफसा येईपर्यंत, म्हणजे नांगरण्याइतकी सुकेपर्यंत, गप्प बसायचं. ओल्यात नांगर घातला, चाकं फिरवली, की माती आतून दाबून बसते. खाली फरशी घातल्यासारखा थर होतो आणि वरची ढेकळं वाळून विटा होतात. मुळं खाली जात नाहीत, पाणी वरच साचतं, आणि हंगाम गेलाच म्हणून समजायचं. वाफसा ओळखायची रीत आईनं दोघांना एकाच बांधावर उभं करून शिकवली होती. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर नांगर जुंपा. नुसताच चपटा झाला तर घरी जा.

त्या सकाळी बारकीनं गोळा सोडला होता. थप्पकन बसला. अजून चार-पाच दिवस थांबायला हवं होतं, आणि घाईही नव्हती. घरामागच्या उंचवट्यावर, पुरातून वाचलेल्या वाफ्यातली कांद्याची रोपं अजून आठवडाभर सहज दम धरणार होती.

"दादा, ओली आहे रे अजून," ती म्हणाली.

"पूर येऊन गेला बाई, ओली नसेल तर काय?" दादा मोठ्यानं म्हणाला. लोक हसले. "तिकडे मेहुणे पाय बांधून पडलेत, तू एकटी काय काय करणार? भाऊ मेला का तुझा?"

भाऊ मेला का म्हटल्यावर बहिणीनं बोलायचं काय? बारकीला वाटलं, विसरला असेल. बारा वर्षं बी-बियाण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, त्याला कुठली वाफशाची आठवण! मन मात्र चांगलं आहे. आणि खरं सांगायचं तर चार लोकांसमोर भाऊ आपल्यासाठी आला, याचं तिला बरंही वाटलं. तिथंच ती फसली. ट्रॅक्टर आत शिरला.

अर्धं शेत झाल्यावर ड्रायव्हर चहाला थांबला. बारकीनं कप पुढे करत सहज विचारलं, "आता इथून दादाच्या पट्ट्यात जाणार ना?"

"छे हो, ताई! मालकांनी बजावलंय, आपल्या पट्ट्यात आठ दिवस चाक घालायचं नाही. सकाळीच गोळा सोडून बघितला त्यांनी. म्हणाले, वाफसा नाही."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. तो कपात बघत बसला.

बारकी धावत घरात गेली. घर शेताच्या कडेलाच होतं. तिचा नवरा गवंडी. महिन्यापूर्वी परांचीवरून पडला, तेव्हापासून प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून खिडकीशी पडून होता.

"अहो, त्याला हाक मारा! थांबवा त्याला. मुद्दाम करतोय तो!"

नवरा प्लास्टरकडे बघत म्हणाला, "होऊ दे."

"काय होऊ दे?"

"मी आता परांची चढत नसतो. दादा दुकानात बसायचं काम देतोय, वरच्या दोन खोल्या देतोय. दरवर्षी पूर, दरवर्षी घरातला गाळ उपसा. मला नाही होत आता."

"आणि माझी जमीन?"

"परक्याकडे जातेय का? आणि तुला विचारलं असतं तर तू ऐकणार होतीस? असं झालं तर तुझ्यावर बोल तरी येत नाही. पुरावर जातं."

म्हणजे दोघांनी मिळून केसानं गळा कापला होता, आणि वर तिच्या अब्रूचीही काळजी घेतली होती. बारकी बाहेर पडली ती थेट दादासमोर जाऊन उभी राहिली.

"बंद कर. सकाळी गोळा सोडलास ना तू?"

दादा लोकांकडे वळून म्हणाला, "नवरा पडला, पूर आला, माणसानं सोसायचं तरी किती? डोकं फिरलंय बिचारीचं." काकू चुकचुकल्या. मग तिच्याजवळ येत तो हळूच म्हणाला, "आई म्हणायची, ही सहा महिन्यांत टाकून देईल. मी सहा वर्षं वाट बघितली, बारके."

ती वळली आणि न नांगरलेल्या भागात मधोमध जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं मालकाकडे पाहिलं. मालकानं हातानं गोल खूण केली. ट्रॅक्टर तिच्याभोवती फिरायला लागला, जवळ जवळ येत. ती ओरडली, नाचल्यासारखे पाय आपटले, मुठी भरभरून चिखल भिरकावला. शेवटी मटकन खाली बसली. दुपारपर्यंत तिच्याभोवती खाटेएवढी जागा उरली.

"तेवढी राहू दे तिच्या हौसेला," दादा म्हणाला. असा भाऊ सात जन्म मागून मिळत नाही, असं म्हणत काकू घरात गेल्या.

त्या खाटेएवढ्या जागेच्या आशेवर बारकी पाच दिवस जगली. चाळीस रोपं सहज बसतील. कागदात पीक असं लिहिलं होतं, किती ते कुठं लिहिलं होतं? सहाव्या दिवशी चाळीस रोपं आणि खुरपं घेऊन ती निघाली. नांगरलेली ढेकळं वाळून दगड झाली होती, पायाला टोचत होती. ती त्या जागेवर बसली आणि खुरपं मारलं. खुरपं टणकन उडालं. दुसरीकडे मारलं, तिथंही तेच. नांगर गेला तिथं निदान ढेकळं तरी होती. इथं तिनंच ओल्यात नाचून, बसून, टाचा आपटून माती अशी दाबली होती की सगळ्या शेतात हीच जागा जास्त घट्ट बसली होती.

तिनं रोपं बांधावर ठेवली. मग तिला रडू आलं.

"अगं," खिडकीतून नवऱ्याची हाक आली, "दादाचा फोन आहे. सामान कधी हलवायचं विचारतोय. काय सांगू?"

"उद्या," ती म्हणाली.