मंगळवारची काठी

आउनेने घसरगाडीवरची ताडपत्री ओढली आणि बाबांच्या गळाच्या काठ्या गोठलेल्या तळ्यावर मांडल्या. दुकानातली लाल, चकचकीत काठी मुद्दाम पुढे. बूच लावलेला जुना पाइप सगळ्यात मागे, फाटक्या जाळ्याखाली अर्धा झाकलेला.

आउनेचा खरा जीव त्या पाइपातच होता. बाबांनी स्वतः तासलेली हातभर काठी, शेंडा गवताच्या काडीएवढा. बर्फाखाली माशाने गळाला नुसतं तोंड लावलं तरी थरथरायचा, आणि थंडीत कुणी जोरात झटकला तर मट्‌कन मोडला असता. काय वाट्टेल ते झालं तरी ती काठी थोरल्या भावाच्या, तार्मोच्या हाती पडू द्यायची नाही, हे आउनेने मनाशी पक्कं केलं होतं.

"थोरला मी. आधी मी निवडणार," तार्मो म्हणाला. मेलेल्याच्या काठ्या त्याच्याच तळ्यावर वाटायच्या, थोरल्यापासून, आणि मागाहून कुरकुर करायची नाही, ही गावाची रीत.

"घे ना, दादा. घ्यायला बरा उगवलास! बाबांचं अर्धं अंग गेलं, मी कुओपिओहून दर आठवड्याला खेपा घातल्या. तेव्हा कुठं तोंड काळं केलं होतंस?"

तार्मो काठ्यांपाशी उकिडवा बसला. त्याचा हात पाइपावर येऊन थांबला.  मग त्याने लाल काठी उचलली.

"जन्मभर तुला चकचकीतच आवडलं," ती म्हणाली. फसला मेला! कित्येक दिवसांत तिला इतका आनंद झाला नव्हता.

तिने झडप घालून पाइप घेतला. बूच गोठून घट्ट बसलं होतं. त्याला चामड्याचा लांब पट्टा होता, खिळ्याला टांगायला असावा. हातमोजे काढून तिने बूच नखांनी ओरबाडलं, ते हलेना. शेवटी तिने पाइप बर्फात भोक पाडायच्या गिरमिटाच्या दांड्यावर आपटायला उचलला.

"आपटू नकोस, बावळट! शेंडा मोडेल," तार्मो ओरडला. "पट्टा कशाला आहे तो? दातात धर आणि पाइप ओढ."

"तुला काय ठाऊक?"

"मीच बसवलाय. उजवा हात गेल्यावर बाबा तसंच उघडायचे."

"साफ खोटं! मी त्यांना बर्फावर पाऊल टाकू दिलं नव्हतं. पडले असते म्हणजे?"

"तू शनिवारी यायचीस. मी मंगळवारी. याच घसरगाडीवर बसवून आणायचो त्यांना." त्याने नाक पुसलं. "तिला सांगू नकोस म्हणाले. आकांडतांडव करील म्हणाले."

तो उठला, तिच्याकडे पाठ केली आणि गिरमिट फिरवायला लागला. 

तिने पट्टा उचलला. चामड्यावर दातांच्या खुणा होत्या, खोल, एकावर एक. आउनेने तिथेच दात रोवले आणि पाइप ओढला.